जुन्या गाडीत नवा गॅस

गाडीतला एसी ही आमच्या घरात चैन नाही, हे त्या उन्हाळ्यात मी इतक्या लोकांना समजावून सांगितलं की पुढे पुढे मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. मेकॅनिक, शेजारी, ऑफिसातले सहकारी, सगळ्यांना तेच सांगायचं आणि सगळ्यांकडून तेच ऐकायचं. "काचा उघड्या ठेवा की. पुण्यात कुठे एवढं गरम होतं?"

नव्या शतकाची ती पहिली काही वर्षं. मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते आणि आई-बाबांबरोबर कर्वेनगरच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहत होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दोघंही मूळचे नागपूरकडचे. बदलीच्या निमित्तानं पुण्यात आले आणि इथलेच झाले. चिडल्यावर मात्र दोघांच्याही तोंडी थेट नागपूर यायचं.

आईला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. कुणी विचारलं तर ती स्वतःच सांगायची, "तारेवरचं कव्हर गेलं की कसं होतं? तसं माझ्या नसांचं झालंय. कधी लाइन लागते, कधी क्रॉस कनेक्शन." या आजारात उष्णतेनं सगळं बिघडतं. अंग जरा तापलं की आईचे पाय लाकडासारखे व्हायचे, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसायला लागायचे. गार खोलीत तासभर पडली की पाय परत जागेवर. नोकरीत असताना वर्षानुवर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण एक्स्चेंजमध्ये एसी असायचा. तो माणसांसाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. मग नवी यंत्रं आली, ऑपरेटरची गरज संपली, आईनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पोळ्या करता करता ती ओट्यापाशी खाली बसली ती दोघांनी धरून उठवेपर्यंत उठलीच नाही.

म्हणून घरात एक खोली गार केली होती आणि म्हणून गाडीत एसी हवा होता. गाडी बाबांनी त्यांच्या एका निवृत्त साहेबांकडून घेतलेली. पांढरी, लांबरुंद, पुढे अखंड बाक, सीट चांगली उंच. आई आधी बाकावर टेकायची, मग हातांनी उचलून एकेक पाय आत घ्यायची. एसी मागाहून बसवलेला, डॅशबोर्डखाली पेटीसारखा लटकलेला. दिसायला गबाळा, पण गार मात्र असा करायचा की बाबा मागच्या सीटवर मफलर घेऊन बसायचे.

मार्चमध्ये त्या पेटीतून नुसती हवा यायला लागली. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, कुठेतरी दाबून पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "गॅस गेलाय."

"मग भरा."

"हा जुना गॅस आहे. आता मिळत नाही. त्यानं आकाशाला भोक पडतं म्हणून बंद करतायत. मिळाला तरी भेसळीचा मिळेल. नव्या गॅसवर करून घ्या गाडी."

"तुम्ही करता का?"

"नाही," म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

त्याच आठवड्यात पिंपरीहून मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. दर बुद्धपौर्णिमेला तिच्या वस्तीतल्या विहारात सगळं माहेर जमायचं. सकाळी वंदना, मग मावशीकडे खीर आणि जेवण. आदल्या वर्षी आजारपणामुळे आईचं जाणं राहिलं होतं. फोन ठेवताना आई म्हणाली, "यंदा मी येते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "येणार आहे मी. काय ते गाडीचं बघ." विहारात मोठे कूलर होते, मावशीकडे बेडरूममध्ये एसी होता. प्रश्न फक्त मधल्या रस्त्याचा आणि भर वैशाखातल्या परतीच्या दुपारचा होता.

ऑफिसात कुणालाच माझा प्रश्न कळेना. माझ्या बाजूला बसणारा म्हणाला, "अरे यार, विकून टाक ना ती. लोन काढ, नवीन घे. सगळे घेतायत." खरंच सगळे घेत होते. पार्किंगमध्ये दर महिन्याला नव्या गाडीच्या पुढे नारळ फुटायचा आणि पेढे वाटले जायचे. मलाही वाटलं, एवढी कटकट करण्यापेक्षा नवी का नको? म्हणून एका शनिवारी आई-बाबांना घेऊन शोरूमला गेले.

शोरूम अगदी थंडगार होतं, त्यामुळे आई खुशीत होती. टाय लावलेला सेल्समन पॉवर स्टीअरिंग आणि सेंट्रल लॉकिंगवर बोलत होता. मी म्हटलं, आधी हिला बसून बघू दे. दार उघडलं. सीट गुडघ्याच्या खाली. आई कशीबशी बसली, म्हणजे जवळजवळ पडलीच, आणि तिचे पाय बाहेरच राहिले. आत घ्यायला गेलो तर गुडघा डॅशबोर्डला लागायचा. बाहेर काढायला गेलो तर ती उठेना. शेवटी मी, बाबा आणि सेल्समन अशा तिघांनी मिळून तिला बाहेर ओढलं.

"हळूहळू सवय होते, आंटी," सेल्समन म्हणाला.

आईनं साडी नीट केली. "कुणाला? मला का गाडीला?"

आणखी दोन ठिकाणी हाच प्रकार झाला. मग नव्या गाडीचा विषय संपला. आता जुन्या गाडीत नवा गॅस.

मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर वाचायला लागले. त्यातून एवढं कळलं की नुसता गॅस बदलून भागत नाही. कॉम्प्रेसरला वंगण लागतं, ते तेल गॅसबरोबरच सगळ्या नळ्यांतून फिरतं. जुन्या गॅसबरोबर चालणारं तेल नव्या गॅसबरोबर फिरतच नाही. म्हणून जुनं तेल पूर्ण धुऊन काढायचं, नवं घालायचं, रबराच्या रिंगा आणि नळ्या बदलायच्या. हे मी बाबांना जेवताना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

बाबांचा एक स्वभाव होता. ज्या माणसाला ते शेवटी भेटले असतील, त्याचं मत ते बाबांचं मत. सकाळी ते माझ्याशी सहमत होते. संध्याकाळी फिरून आले ते सांगत, की बागेत भेटलेल्या एका गृहस्थांचे मेहुणे कार एसीचंच काम करून घेतात वारज्याच्या रस्त्यावर, तेलबिल काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी वारज्याच्या रस्त्यावर.

तिथल्या मालकाची काचेची केबिन होती. तो सगळं बाबांकडे बघून बोलत होता. "साहेब, जुना गॅस काढायचा, नवा भरायचा. उद्या घेऊन जा."

मी विचारलं, "आणि कॉम्प्रेसरमधलं ऑइल? ते बदलणार ना?"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आपण काय करता?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मग तिथं येऊन मी आपल्याला काही विचारतो का?"

यावर बाबा हसले. मला त्या माणसापेक्षा बाबांचाच जास्त राग आला. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि बाबांना ते कळलंही नाही, कारण रिक्षावाल्याला ते ओझोनबद्दल सांगत होते.

गाडी आली, एसी गार झाला. आठवडाभर बाबा माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की बघ, उगाच घोळ घालत होतीस. मग एका दुपारी आईला फिजिओथेरपीला नेत असताना बॉनेटमधून किंकाळी यावी तसा आवाज आला. पाठोपाठ रबर जळल्याचा वास. कॉम्प्रेसर आतून कोरडा पडून जाम झाला होता आणि त्याच्यावर फिरणारा पट्टा घासून धुमसत होता.

एसी बंद करून आईला घरी सोडलं आणि मी गाडी घेऊन तशीच वारज्याच्या रस्त्यावर गेले. मालकानं बॉनेटमध्ये डोकावूनही बघितलं नाही.

"कॉम्प्रेसर गेला तुमचा."

"गेला हे मलाही दिसतंय. तुम्ही ऑइल बदललं होतंत का?"

"गाडी जुनी आहे, मॅडम."

"ऑइल बदललं होतंत का?"

"जुनी गाडी आपण आणलीत. मी नाही आणली."

त्या माणसाशी भांडताना मला जाणवलं, की मी ओरडतेय आणि तो जराही ओरडत नाहीये. तो फक्त घड्याळाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आमची जेवायची वेळ झाली," आणि खरोखरच डबा उघडून बसला. घरी येऊन मी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "पण गाडी जुनी आहे, हे तर खरंच आहे त्याचं." मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत आई होती. ती म्हणाली, "त्यांच्यावर कायले चिडतेस? चार दिवसांनी ते दुसरंच म्हणतील."

तसंच झालं. चार दिवसांनी बाबांना बँकेत कुणीतरी सांगितलं, की मांजरी गावात एक जण आहे, फुलं आणि द्राक्षं नेणाऱ्या टेम्पोंना थंड करायची यंत्रणा बसवतो, गाड्यांचीही कामं करतो. बंद एसीची गाडी घेऊन आम्ही अख्खं शहर पार करून हडपसरच्या पुढे मांजरीला गेलो. रस्त्याच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे आणि मधे पत्र्याची मोठी शेड. शेडचा मालक पन्नाशीचा, आवाज लाउडस्पीकरसारखा, हातात दोन अंगठ्या. त्यानं कॉम्प्रेसर हातानं फिरवून पाहिला, तो फिरला नाही, आणि माणूस मोठ्यानं हसला.

"कुनी मारला ह्याला?"

मी सांगितलं.

"ताई, ह्यो नवा गॅस म्हंजी निराळं जनावर हाय. त्याला त्येलापास्नं समदं नवं लागतंय. ह्यात आता समदी घाण झाली आसंल. मी समदं धुऊन काढतो. दुसऱ्या गाडीचा कॉम्प्रेसर बशिवतो. फुडं गॅस गार करायची मोठी जाळी लावतो, त्याला लाइटवरचा पंखा लावतो. मंगळवारी गाडी न्या."

तेल बदलणार का, हे मी विचारायच्या आधीच तो तेलाबद्दल बोलला, म्हणून मला तो आवडला. त्यानं मंगळवार म्हटलं, पण कुठला ते सांगितलं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

एप्रिल सगळा त्यात गेला. फोन केला की एकच उत्तर, "काम चालूच हाय, ताई." शनिवारी स्कूटीवरून मांजरीला जावं तर गाडी शेडच्या कोपऱ्यात, बॉनेट उघडं, आत नळ्यांची टोकं फडक्यांनी बांधलेली, आणि मालक एखाद्या टेम्पोत डोकं घालून. एकदा म्हणाला, "ताई, ह्या मापाचा पाइप माझ्याकडं न्हाई. तुम्हीच नाना पेठंतनं घेऊन या, म्हंजी वेळ वाचंल." त्याचा वेळ वाचणार होता. मी तो कापलेला पाइपचा तुकडा पर्समध्ये घालून नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरले.

एका दुकानदारानं तुकडा हातात घेतला. "कुठल्या गाडीचा?"

मी गाडी सांगितली.

"ती अजून चालते?"

"चालत नाही म्हणूनच आले आहे."

"मग पाइप कशाला बदलताय?" असं म्हणून त्यानं तुकडा परत केला. पाइप त्याच्याच शेजारच्या दुकानात मिळाला.

या सगळ्या काळात आई फिजिओथेरपीला रिक्षातून जात होती. गळ्याभोवती ओला नॅपकिन, मांडीवर बर्फाचा थर्मास. जाताना बरी असायची, येताना रिक्षातून उतरवायला सोसायटीच्या वॉचमनला बोलवावं लागायचं. नंतर नंतर ती म्हणायला लागली, आज राहू दे. मला ते ऐकवत नसे. मी मांजरीला फोन लावायचे आणि उगाचच मोठ्यानं बोलायचे, म्हणजे आईला ऐकू जावं की मी काहीतरी करतेय.

मे लागला आणि गाडी तयार झाली. मी आणि बाबा आणायला गेलो. सोलापूर रस्त्याला लागलो आणि पेटीतून अशी थंड हवा आली की माझी बोटं स्टीअरिंगवर गारठली. बाबा म्हणाले, "वा! माणूस जाणकार आहे. मी म्हटलंच होतं." त्या हवेत दीड महिन्याचा राग कुठल्या कुठे विरला होता, हे मान्य करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली आणि बाबांना बरोबर घेऊन आईला फिजिओथेरपीला नेलं. जाताना स्वर्ग. येताना भर दुपारी आम्ही नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकलो. कसलं तरी खोदकाम चालू होतं, गाड्या हलत नव्हत्या. एकदा सिग्नल सुटला, दोनदा सुटला, आम्ही तिथेच. मग पेटीतली हवा कोमट झाली. तापमानाचा काटा वर चढत होता. तो लाल रेघेला टेकला, बॉनेटखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं.

मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. दोन कॉलेजच्या पोरांनी ढकलून गाडी कडेला लावली. बाबांनी बॉनेट उघडलं आणि त्याभोवती जमलेल्या प्रत्येकाचं मत ऐकून घ्यायला सुरुवात केली. इकडे काचा खाली केल्या तरी गाडी भट्टीसारखी तापत होती.

आई हळूच म्हणाली, "माझे पाय गेले बघ." मग समोर बघत म्हणाली, "आणि तिथं सिग्नलचे खांब दोन आहेत का?"

"एकच आहे."

"मग झालंच."

मी इकडेतिकडे पाहिलं. रिक्षा मिळाली असती तरी तिला तशा उन्हात कर्वेनगरपर्यंत न्यायची मला हिंमत नव्हती. समोर फुटपाथला लागून एका बँकेचं एटीएम होतं, काचेचं दार असलेलं. त्या काळी नवीनच आलेल्या त्या केबिन आतून बर्फासारख्या गार असत. मी बाबांना हाक मारली. आम्ही दोघांनी आईला काखेत धरून अक्षरशः उचलत तिथवर नेलं.

दारात गार्ड उभा. "एका वेळी एकच कस्टमर."

"यांना बरं नाहीये. दहा मिनिटं आत बसू द्या."

"एकच कस्टमर. तसा नियम आहे."

"मग ही एकच आत जाईल. आम्ही बाहेर थांबतो."

"कार्ड आहे का त्यांच्याकडे?"

मी तोंड उघडणार तोच बाबा पुढे झाले. एरवी प्रत्येकाचं म्हणणं पटणारे माझे बाबा. त्यांनी खिशातून पेन्शनच्या खात्याचं कार्ड काढलं, गार्डच्या डोळ्यांपुढे धरलं आणि म्हणाले, "हे घे कार्ड. आणि हे बघ, मी तुले नीट सांगून राहिलो. ही बाई आत्ता आत बसणार. तुले काय करायचं ते कर."

गार्डनं एकदा आईकडे पाहिलं. तिची मान एका बाजूला कलली होती. तो बाजूला झाला. नुसता झाला नाही, स्वतःचं स्टूल उचलून आत घेऊन गेला आणि मशीनला टेकवून ठेवलं. आई त्यावर बसली, मी तिला धरून उभी. बाहेर पैसे काढणाऱ्यांची रांग वाढत गेली. एकजण काचेवर टकटक करून म्हणाला, "किती पैसे काढताय? बँक रिकामी करणार का?" बाबा दारात उभे राहून सगळ्यांना आईचा आजार समजावून सांगत होते, तारेवरच्या कव्हरसकट. हळूहळू रांग गप्प झाली. एक आजोबा म्हणाले, "बसू द्या हो, मला काही घाई नाही," आणि लगेच त्यांच्यामागचा म्हणाला, "तुम्हाला नसेल!" बाहेर तेवढ्यावरून निराळंच भांडण लागलं.

पाव तासानं आईनं डोळे उघडले. काचेतून बाहेर पाहिलं. "आता एकच आहे खांब," म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एक्स्चेंजची आठवण आली गं. तिथंही असंच यंत्राला टेकून बसायचो आम्ही."

मला रडू आलं नाही. मला त्या मांजरीच्या माणसाच्या अंगठ्यांसकट हाताला धरून इथं आणून उन्हात उभं करावंसं वाटलं.

ऊन उतरल्यावर रेडिएटरमध्ये पाणी घालून गाडी घरी आणली आणि संध्याकाळी त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एसी गार पडतोय का न्हाई? पडतोय. इंजिन तापलं, ते रेडिएटरचं काम. ते आपलं न्हवं." आमच्या भागातल्या रेडिएटरवाल्याला गाडी दाखवली. तो म्हणाला, "रेडिएटर ठणठणीत आहे. एसीवाल्यानं पुढं जाळी लावून हवा अडवलीय." पुन्हा मांजरी. "हवा अडती कशी? पंखा लावलाय की मी!" पुन्हा रेडिएटरवाला. पौर्णिमा आठवड्यावर आली होती.

आमच्या ऑफिसात हेच रोज चालायचं. एक प्रोग्रॅमर म्हणायचा माझ्या मशीनवर चालतंय, दुसरा म्हणायचा माझ्याकडून काही चुकलेलं नाही, आणि प्रोग्रॅम बंद. तिथे मी एकच उपाय करायचे, दोघांना एकाच मशीनपुढे एकाच वेळी बसवायचं. मी तेच केलं. मांजरीच्या माणसाला म्हटलं, रविवारी सकाळी या, नाहीतर मीच सगळ्या पेठांतून सांगत फिरेन की तुमच्या एसीनं बाई बेशुद्ध पडली. रेडिएटरवाल्याला म्हटलं, फक्त येऊन जा.

दोघेही आले. गाडी सोसायटीच्या आवारात उन्हात उभी केली, इंजिन चालू, एसी चालू. ओळखही न करून घेता दोघं एकमेकांवर तुटून पडले. एक म्हणे जाळी मोठी, दुसरा म्हणे रेडिएटर चोंदलेला. बाबा मध्ये उभे राहून दोघांनाही आळीपाळीनं "बरोबर आहे" म्हणत होते. काटा वर चढत होता. मी कपाळाला हात लावून उभी होते.

आई आमच्या तळमजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. तिनं दोनदा हाक मारली, पण कुणाला ऐकू गेली नाही. तिसऱ्यांदा तिनं काठी गॅलरीच्या गजांवर आपटली.

"अहो, तो पंखा हवा बाहेर फेकून राहिला."

"काय?" मांजरीचा माणूस म्हणाला.

"गाडीच्या पुढचा पाला बघा. गाडीपासून लांब उडतोय. पंख्यानं हवा आत ओढायची का बाहेर फेकायची?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. गाडीच्या नाकापुढे गुलमोहराच्या वाळक्या पाकळ्या आणि पाला पडला होता आणि तो खरोखरच गाडीपासून दूर, कंपाउंडच्या भिंतीकडे सरकत होता. इंजिनचा मूळचा पंखा हवा आत ओढत होता, नवा पंखा तीच हवा बाहेर ढकलत होता, आणि मधल्या रेडिएटरला काहीच मिळत नव्हतं. रस्त्यावर वेगात जाताना समोरून वारा यायचा म्हणून काही कळत नव्हतं. सिग्नलला थांबलं की संपलं.

मांजरीचा माणूस वाकला, एक हात पंख्यासमोर धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाला, "वायरी उलट्या लागल्यात व्हय." रेडिएटरवाला मोठ्यानं हसला. वायरींची अदलाबदल करायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. काटा खाली आला आणि खालीच राहिला. आम्ही अर्धा तास सगळे त्या काट्याकडे बघत उभे होतो.

जाताना मांजरीचा माणूस माझ्याकडे वळला. "बगा ताई, मी म्हनलं हुतं ना. एसीत काय बी खोट न्हवती."



पौर्णिमेला आम्ही सकाळी निघालो. आईनं पांढरी साडी नेसली होती, केसांना मावशीनं दिलेली पिन. बायपासनं पिंपरीला पोचलो. विहारात कूलरसमोर तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. वंदनेला सगळे उठले तेव्हा तीही मावशीच्या खांद्याला धरून उठली आणि संपेपर्यंत उभी राहिली. मावशीकडे जेवणं झाली, खीर दोनदा घेतली, भाच्यांशी गप्पा झाल्या आणि ऊन अगदी माथ्यावर असताना आम्ही परत निघालो.

वाकडच्या पुढे आलो असू. गाडी मस्त गार होती. आई माझ्या शेजारी डोळे मिटून बसली होती. आणि एकाएकी मला मानेवर गरम झोत लागला. मागे बघते तर बाबांनी काच निम्मी खाली केलेली.

"बाबा! काय करताय?"

"जरा मोकळी हवा घेतो बेटा. कोंदट वाटतं असं."

मला गाडी तिथेच बायपासवर थांबवून उतरून जावंसं वाटलं. मी काही बोलायच्या आत आईनं डोळे न उघडताच म्हटलं, "काच वर करा. आणि मोकळी हवा पाहिजे असेल तर उतरा आणि मागनं चालत या."

काच वर गेली.

सोसायटीत पोचलो तेव्हा दुपार टळायची होती. मी घाईघाईनं उतरून वॉचमनला हाक मारायला निघाले. आईनं दार उघडलं, हातांनी उचलून एकेक पाय बाहेर ठेवला, काठी टेकली आणि उभी राहिली. वॉचमन येईपर्यंत ती आमच्या दारापर्यंत पोचली होती आणि किल्ली मागत होती.

त्यानंतर ते एक नवीनच सुरू झालं. दर शनिवारी दुपारी, म्हणजे आठवडाभर हिंजवडीला जाऊन येऊन मला जेव्हा फक्त झोपायचं असायचं तेव्हा, आई तयार होऊन बसायची. कधी खडकवासला, कधी मुळशीच्या रस्त्याला, कधी नुसतं बायपासनं वाकडपर्यंत आणि परत. कुठे उतरायचं नसायचं. तिला फक्त बाहेरचं भर ऊन गार काचेतून बघायचं असायचं. मी कुरकुर करायचे, संध्याकाळी जाऊ म्हणायचे. ती म्हणायची, "संध्याकाळी काय, कुणीही जातं." मग मी उठून तोंड धुवायचे आणि गाडी बाहेर काढायचे.